‘हार्टस्टॉपर’ बघताना सोफ्यावर कोण बसलंय?

गेल्या महिन्यात या सदरात कोरियन मालिकांवर लिहिलं आणि तुमच्या मेल्सचा पाऊस पडला. निम्म्या मेल्स ‘ताई, अमुक हिरोबद्दल लिहायचं राहिलं’ अशा तक्रारींच्या होत्या, त्या सगळ्या मान्य. एक मेल मात्र चार ओळींची होती. ‘ताई, एकदा हार्टस्टॉपरवर लिहा. माझे आई-बाबा आणि आजी तिघंही तुमचं सदर वाचतात. आजीला मीच मोठ्याने वाचून दाखवते किंवा दाखवतो, काय ते तुम्ही समजा. माझं नाव टाकू नका.’

नाव टाकणार नाही. गावही सांगणार नाही.

तर ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी (आजी, तुमच्यासाठीसुद्धा) आधी थोडक्यात. ‘हार्टस्टॉपर’ ही ब्रिटिश मालिका एप्रिल 2022मध्ये नेटफ्लिक्सवर आली. ॲलिस ओसमन या लेखिकेने 2016मध्ये इंटरनेटवर थोडी थोडी करून एक चित्रकथा टाकायला सुरुवात केली होती. पुढे वाचकांकडून वर्गणी जमवून पहिलं पुस्तक छापलं, मग मोठे प्रकाशक आले, मग मालिका. पटकथाही तिचीच. मुलांच्या शाळेत चार्ली नावाचा लाजरा, ड्रम वाजवणारा मुलगा आणि निक नावाचा रग्बी खेळणारा दांडगट पण गोड मुलगा शेजारी-शेजारी बसतात. मैत्री होते आणि मैत्रीचं प्रेम होतं. आठ भाग, प्रत्येक साधारण अर्ध्या तासाचा. कुणी मरत नाही, कुणी कुणाचा सूड घेत नाही. दोघांचे हात जवळ आले की पडद्यावर हाताने काढलेल्या बारीक ठिणग्या उडतात, वाऱ्यावर पानं जातात. ‘मी गे आहे का?’ हे निक रात्री एकटा बसून इंटरनेटला विचारतो, कारण दुसऱ्या कुणाला विचारायची सोय नसते.

पहिल्यांदा बघताना मला हे सगळं गुळंब्यासारखं गोड वाटलं, खरं सांगते. इतकी समजूतदार मित्रमंडळी कुठल्या शाळेत असतात? पुढच्या सीझन्समध्ये गोडी कमी होते. चार्लीचं जेवणाशी बिघडलेलं नातं, स्वतःला इजा करणं, तिसऱ्या सीझनमध्ये त्याचं उपचारांसाठी दाखल होणं, हे सगळं येतं. पण मला आज मालिकेपेक्षा ती बघणाऱ्यांबद्दल लिहायचं आहे. कारण या मालिकेच्या प्रेक्षकांनी जे केलं, त्यातलं काही फार सुंदर होतं आणि काही फार वाईट.

तरुण मुलामुलींना मालिका आवडणार, यात नवल नव्हतं. नवल होतं ते चाळिशी-पन्नाशीच्या पुरुषांचं. अनेक वयस्क समलैंगिक प्रेक्षकांनी लिहिलं की मालिका बघून आनंद झाला आणि त्याच्या मागोमाग एक जुनं दुःख वर आलं. आमच्या शाळेत असं काही नव्हतं, असणं शक्यच नव्हतं, हे दुःख. आणि ते खरंच शक्य नव्हतं. ब्रिटनमध्ये 1988 साली ‘सेक्शन 28’ नावाचं कलम आलं. स्थानिक प्रशासनांनी समलैंगिकतेला उत्तेजन देऊ नये, असं नातं म्हणजे एक प्रकारचं कुटुंबच आहे हे त्यांच्या शाळांमधून शिकवलं जाऊ नये, असं त्यात होतं. त्या कलमाखाली किती खटले झाले हा मुद्दाच नव्हता. शिक्षक गप्प बसले, तेवढं पुरलं. एखाद्या पोराला सगळा वर्ग छळत असला तरी त्याच्या बाजूने बोलायला शिक्षक घाबरायचे. स्कॉटलंडमध्ये हे कलम 2000मध्ये गेलं, इंग्लंड आणि वेल्समध्ये 2003मध्ये. म्हणजे ॲलिस ओसमन शाळेत जायला लागली तेव्हा ते होतंच.

हे माहीत झाल्यावर मालिकेतले चित्रकलेचे मास्तर, मिस्टर अजायी, मला वेगळे दिसायला लागले. डबा खायच्या सुट्टीत चार्ली त्यांच्या वर्गात येऊन बसतो आणि ते त्याला बसू देतात. बस्स. दुसऱ्या सीझनमध्ये शाळेची सहल पॅरिसला जाते. तिथे दुसरे एक शिक्षक त्यांना सांगतात की मला माझ्याबद्दल फार उशिरा कळलं, या मुलांसारखे दिवस माझ्या वाट्याला आलेच नाहीत. अजायी त्यांना जे म्हणतात त्याचा अर्थ असा, की अशा क्षणांना वयाची अट नसते. सोफ्यावर रडत बसलेला तो पन्नाशीचा प्रेक्षक लेखिकेला दिसला असावा, असं मला वाटलं.

आता वाईट भाग.

निकचं काम करणारा किट कॉनर तेव्हा अठरा वर्षांचा होता. मालिका लोकप्रिय झाली तसे काही प्रेक्षक त्याच्या मागे लागले: तू खऱ्या आयुष्यात कोण आहेस? सांग. एका अभिनेत्रीचा हात धरून चालतानाचे त्याचे फोटो पसरले आणि आरोप सुरू झाला ‘क्वीअरबेटिंग’चा. म्हणजे आपण समलैंगिक असल्याचा नुसता भास निर्माण करून त्या प्रेक्षकांचं प्रेम आणि पैसा लाटायचा. सप्टेंबर 2022मध्ये तो ट्विटर सोडून गेला. 31 ऑक्टोबरला एका मिनिटासाठी परत आला आणि लिहून गेला की मी बायसेक्शुअल आहे, एका अठरा वर्षांच्या मुलाला हे जाहीर करायला भाग पाडल्याबद्दल तुमचं अभिनंदन, तुमच्यातल्या काहींना मालिका कळलीच नाही असं दिसतं.

बायसेक्शुअल म्हणजे मुलगे आणि मुली दोन्ही आवडू शकणारा. मालिकेतला निकही तसाच आहे. आणि मालिकेत नेमकं काय आहे? कथा सुरू व्हायच्या आदल्या वर्षी चार्लीची गोष्ट त्याच्या इच्छेविरुद्ध शाळाभर झालेली असते आणि त्याने अतोनात छळ सोसलेला असतो. म्हणून तो निकची घाई करत नाही. तुला वाटेल तेव्हा, तुला वाटेल त्याला सांग, म्हणतो. आठ भाग या एका गोष्टीभोवती फिरतात. ते आठ भाग डोळ्यात पाणी आणून बघणाऱ्यांपैकीच काही जणांनी उठून त्यातल्या नटाशी चार्लीच्या वर्गातल्या पोरांसारखं वागायचं ठरवलं. लेखिका किटच्या बाजूने जाहीरपणे बोलली, इतर अनेक जण बोलले. पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

याला इंग्रजीत ‘आउटिंग’ म्हणतात. आमच्या पिढीला आउटिंग म्हणजे पावागढची सहल, थर्मासमधला चहा आणि ढोकळ्याचा डबा. त्यामुळे हा शब्द मला उशिरा कळला. ती गोष्ट मी स्वतः करून बसले होते त्यानंतर बऱ्याच वर्षांनी.

पुढचं लिहायच्या आधी मी माझ्या मावसभावाला फोन केला. लिहू का विचारलं. ‘लिही, पण माझ्या नोकरीबद्दल काही नको, आणि मी बारीक होतो असं लिही,’ म्हणाला. बारीक होता.

2008मध्ये ‘दोस्ताना’ आला होता. दोन तरुण भाड्याचं घर मिळावं म्हणून आपण जोडपं असल्याचं नाटक करतात, तो सिनेमा. आमच्या बडोद्याच्या घरी तो टीव्हीवर लागला तेव्हा सगळी भावंडं जमलेली. सेव-उसळ झालेली, मी पाटावर उभं राहून त्यातल्या सीनची नक्कल करून दाखवली. हात कसे हलवायचे, मान कशी वेळावायची. सगळे हसून लोळत होते. मावसभाऊ सगळ्यांत मोठ्याने हसला. तेवीस वर्षांचा होता.

2014मध्ये घरातल्या एका लग्नात गच्चीवर त्याने मला त्याच्याबद्दल सांगितलं. आधी बराच वेळ हवापाण्याचं बोलत होता. मग म्हणाला, ‘ताई, तू तेव्हा ती नक्कल केलीस ना, त्या दिवशी मी यादी केली होती, कुणाकुणाला कधीच सांगायचं नाही त्याची. तू पहिली होतीस. आज तुलाच पहिल्यांदा सांगतोय, बघ.’

मला फार भरून आलं. इतकं, की ते मला एकटीला पेललं नाही. मी घरातल्या एकाच व्यक्तीला सांगितलं, ‘कुणाला बोलू नकोस’ असं बजावून. त्या व्यक्तीनेही एकालाच सांगितलं असणार. आपल्या घरांमध्ये ‘कुणाला बोलू नकोस’ हे बातमीचं तिकीटच असतं. आठवड्याच्या आत मावशीला कळलं. स्वयंपाकघरात, भाजी निवडताना, तिच्या जावेकडून. मुलाकडून नाही.

त्या वेळी कायदाही उलटा फिरला होता. दिल्ली उच्च न्यायालयाने 2009मध्ये कलम 377 सैल केलं होतं, ते सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2013मध्ये पुन्हा जसंच्या तसं केलं. पुढे 6 सप्टेंबर 2018ला सर्वोच्च न्यायालयानेच सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या संबंधांना त्यातून बाहेर काढलं, ते तुम्हाला माहीत आहे. पण 2014मधली मावशी तिच्या मुलाला फोन करून पहिला प्रश्न विचारते तो हा: ‘पोलीस पकडतात का रे?’ तिच्या मनात राजपिपळाही असेल. आपल्या जवळचंच ते गाव. तिथल्या राजघराण्यातले मानवेंद्रसिंह गोहिल यांनी 2006मध्ये आपण समलैंगिक असल्याचं वर्तमानपत्रातून सांगितलं, तेव्हा गावात त्यांचे पुतळे जाळले होते. आमच्या घरी ते पान घडी करून रद्दीत खाली सरकवलेलं मला आठवतं. कुणीच काही बोललं नव्हतं. तेही ऐकणारा एक जण घरात होता.

मावशीने त्याला टाकलं नाही, मारहाण केली नाही. तसं काही झालं नाही. ती रडली, चिडली, देवदेव केले, मग हळूहळू निवळली. आज त्याच्या जोडीदाराला लोणचं पाठवते आणि बरणी परत आली नाही की त्याच्याच नावाने ओरडते. पण मधली दोन वर्षं वाईट गेली, आणि त्यातला काही वाटा माझा होता.

2022च्या मे महिन्यात रात्री साडेअकराला त्याचा फोन आला. ‘हार्टस्टॉपर’चा शेवटचा भाग नुकताच बघून उठला होता. त्या भागात निक आपल्या आईला सांगतो. आईचं काम ऑलिव्हिया कोलमनचं आहे. ती त्याचं ऐकून घेते, जवळ घेते, मला सांगितलंस म्हणून त्याचेच आभार मानते आणि म्हणते, मला सांगता येणार नाही असं कधी माझ्यामुळे वाटलं असेल तर माफ कर. मुलगा थोडा गडबडतो, मुलीही आवडतात वगैरे सांगायला लागतो. तिला आधी वाटतं तो आपल्यासाठी म्हणून तसं म्हणतोय, मग कळतं की खरंच तसं आहे. दोन-तीन मिनिटांचा प्रसंग असेल. जगभरच्या प्रेक्षकांनी सगळ्यात जास्त याच प्रसंगाबद्दल लिहिलं.

फोनवर मावसभाऊ आधी नाक ओढत होता. मग म्हणाला, ‘आईने काय उत्तर दिलं असतं ते मला माहीत नाही गं. कदाचित तेव्हाही रडलीच असती. पण मला तिला सांगताना तिचा चेहरा बघायचा होता. तो मी कधीच बघितला नाही.’

माझ्याकडे याला उत्तर नव्हतं. मी माफी मागितली, ती 2014मध्येही मागितली होती. तो म्हणाला, ‘अगं, तुला बोलण्यासाठी फोन नाही केला. दुसरं कोण जागं असणार या वेळी?’ मग आम्ही निकच्या कुत्रीबद्दल बोललो. नेली तिचं नाव. झकास आहे.

त्यानंतर मी पहिला सीझन पुन्हा पाहिला, या वेळी माझ्या आईबरोबर. आई सत्तरीच्या पुढची, इंग्रजी सबटायटल्स वाचते पण अर्ध्यावरच ती पालटतात म्हणून तिची चिडचिड. तिच्या प्रतिक्रिया क्रमाने अशा: हा मुलगा चिखलात लोळून आला, कपडे कोण धुणार? ती उंच मुलगी छान आहे. (ती एल. यास्मिन फिनी या ट्रान्सजेंडर अभिनेत्रीने केलेलं काम, भूमिकाही ट्रान्स मुलीची. आईला सांगितल्यावर म्हणाली, ‘मग? छान नाही का?’) यांना अभ्यास नसतो का? चार्लीची बहीण सारखी काहीतरी पीत दारात येऊन उभी का राहते? आणि शेवटच्या भागात आईच्या प्रसंगाला ती काहीच बोलली नाही. टीव्ही बंद केल्यावर विचारलं, ‘त्या बाईला कुणी आधीच सांगून ठेवलं नव्हतं वाटतं.’

मी नाही म्हणाले.

‘म्हणून बरं झालं,’ आई म्हणाली आणि दूध विरजायला उठली.

दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, मराठीत असं काही नाही का. आहे की. सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ ही कादंबरी 2006ची. घरात पेइंग गेस्ट म्हणून आलेल्या एकाच माणसाच्या प्रेमात भाऊ आणि बहीण दोघंही पडतात. तिच्यावरचा सिनेमा नेटफ्लिक्सवर आला तोसुद्धा एप्रिल 2022मध्येच, ‘हार्टस्टॉपर’च्या काही दिवस आधी. (सिनेमा मराठीत नाही आणि कथाही केरळात नेली आहे. कादंबरी वाचा.) आणि आता रोहन परशुराम कानवडे यांचा ‘सबर बोंडं’ आहे, अस्सल मराठी. जानेवारी 2025मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथापटांच्या विभागातलं सर्वोच्च पारितोषिक त्याला मिळालं. वडील गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी आलेला आनंद आणि गावातला त्याचा लहानपणचा मित्र. नातेवाईक लग्नाचा विषय काढून काढून पिच्छा पुरवतात. आनंदच्या आईला मात्र सगळं ठाऊक आहे आणि ती त्याच्या बाजूने उभी आहे, कमी बोलणारी आई. तिथे ठिणग्या उडत नाहीत, पानं उडत नाहीत. पण ‘हार्टस्टॉपर’ची आई आवडली असेल तर ही आईसुद्धा बघा. मला विचाराल तर मला हीच जास्त जवळची वाटली, आणि आमच्या मावशीलाही वाटेल. तिला दाखवायचा आहे.

आता मेल लिहिणाऱ्या तुझ्याशी थोडं. आजीला वाचून दाखवताना हा परिच्छेद गाळलास तरी चालेल.

तू लिहायला सांगितलंस त्याचं कारण मी विचारणार नाही. कदाचित तुला मालिका नुसती आवडली असेल. कदाचित तुझ्या मैत्रिणीसाठी किंवा मित्रासाठी विचारलं असशील. घरातल्यांबरोबर ती बघावी का, असं मनात असेल तर माझा अनुभव सांगते: पहिल्या भागात लोक वाट्टेल ते बोलतात. माझ्या आईने कपडे धुण्याचं काढलं, माझ्या नवऱ्याने ‘हे काय लावलंयस’ म्हणून विचारलं आणि उभ्या उभ्या चार भाग पाहिले. पहिल्याच दिवशीच्या बोलण्यावरून, मावसभावाने केली तशी यादी करू नकोस. पण बघायचं की नाही, कुणाबरोबर बघायचं, ते तुझं तू ठरव. ‘हार्टस्टॉपर’ची शेवटची गोष्ट चौथ्या सीझनऐवजी सिनेमातून येणार हे 2025मध्ये जाहीर झालं आहे. तो आला की पहिला कोण बघतंय ते मला कळव.

आणि आजी, तुम्ही ऐकत असाल तर: वाचून दाखवणाऱ्याला आज काही विचारू नका. सबटायटल्स पटापट जातात, रिमोटवर थांबवायचं बटण असतं, तेवढं मागून घ्या.

तुझी मेल मी वाचून पुसून टाकली आहे. पत्ता लक्षात ठेवलेला नाही. हवं तेव्हा पुन्हा लिही.